कडूबा आणि आलेखाचे आजार

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला आणि माझा टाइपरायटर कपाटावर चढला. त्या दिवसापासून मी त्या डब्याशी सरळ बोललेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्याविषयी काही वाकडं लिहिलं गेलं तर वाचणाऱ्याने त्यातला थोडा भाग माझ्या जुन्या रागाचा म्हणून सोडून द्यावा.

मी नंदाबाई. जालन्याला जुन्या मोंढ्यापाशी सरकी-पेंडीच्या एका दुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं, तिथे मी टायपिस्ट. संस्थेचं काम विहिरींचं. भोकरदनपासून परतूरपर्यंत तीस गावांतल्या विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजायचं, कागदावर उतरवायचं, आणि उन्हाळ्यात ज्या पाच गावांची दशा सगळ्यात वाईट त्यांना संस्थेचे पाच टँकर द्यायचे. अध्यक्ष अण्णासाहेब, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. माणूस दिलदार, पण कागदावर नसलेली गोष्ट नाकासमोर असली तरी त्यांना दिसायची नाही.

आणि तिसरा कडूबा. केदारखेड्याच्या पलीकडे बोरवस्ती आहे, पंचवीस-तीस घरांची, तिथला. आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून तिसऱ्याला कुणाची नजर लागू नये म्हणून हे कडू नाव. नावाने पोरगं वाचलं, पण आई बाळंतपणातच गेली आणि बापही पाठोपाठ गेला. आत्याने, चांगुणाबाईने, त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. ती बाई विधवा होऊन माहेरी आलेली, जिभेला धार, हाताला काम. संस्थेने बोरवस्तीच्या विहिरी मोजायला माणूस शोधला तेव्हा तिनेच कडूबाला सायकलवर बसवून आमच्याकडे धाडलं. पुढे तो तीस गावं फिरायला लागल्यावर वस्तीच्या तीन विहिरी तिने आपल्याकडे घेतल्या. साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकलेली, टेपवरचे मीटर-सेंटिमीटर वाचायची आणि दर महिन्याला कागद एसटीने पाठवायची.

कडूबा कॉम्प्युटरकडे कसा वळला याची गोष्ट फार मोठी नाही. आमचा ऑपरेटर पगार वाढवून मागत होता, अण्णासाहेब वाढवत नव्हते, एक दिवस तो पुण्याला निघून गेला. जाताना पासवर्ड तेवढा कडूबाला सांगून गेला, कारण त्या वेळी पाण्याचा माठ भरायला तोच तिथे उभा होता. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी विचारलं, "हे कुणाला येतं?" सगळे कडूबाकडे बघायला लागले. झालं, नेमणूक पक्की.

त्याने ते काम मनावर घेतलं. चपला दाराबाहेर काढून खुर्चीत बसायचा, मशीन सुरू करताना हात जोडायचा आणि मशीन अडलं की त्याला अहो-जाहो करायचा. "अहो, काय झालं तुम्हाला? सकाळी तं बराबर व्हता." एवढ्या आदराने तो माझ्याशीही बोलायचा नाही. दोन वर्षांत त्याने एक जाडं पुस्तक वाचून फाडून पुन्हा चिकटवून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं. मग अण्णासाहेबांच्या डोक्यात आलं की, नुसते आकडे लोकांना समजत नाहीत, रेघा काढून दाखवा. आलेख पाहिजेत.

कडूबा म्हणाला, त्यासाठी एक लायब्ररी मिळते, इंटरनेटवर फुकट. मी विचारलं, "किती पुस्तकं?" तो दया आल्यासारखा हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. मग त्याने समजावलं: लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आयता लिहून ठेवलेला प्रोग्राम. आपण आकडे द्यायचे, रेघ ती काढते. आपल्याला रेघ कशी काढतात ते ठाऊक नसलं तरी चालतं. मी म्हटलं, न ठाऊक असताना चालतं अशा गोष्टींनीच माणसं बुडतात. अर्थात हे मी तेव्हा नुसतं चिडून म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी रेघेच्या जागी एक लाल फुली आली. दुसऱ्या दिवशीही फुली. कडूबाने सगळं तपासलं, आकडे तपासले, वायरी तपासल्या, कॉम्प्युटरखाली मेलेली पाल निघाली ती टाकून आला. फुली हलेना. चौथ्या दिवशी त्याने मोडक्या इंग्रजीत त्या लायब्ररीच्या परदेशी मंडळींना पत्र लिहिलं आणि आपला प्रोग्राम सोबत जोडला. उत्तर आलं एका ओळीचं: तुमच्या पहिल्या ओळीत हे काय आहे?

पहिल्या ओळीत 'श्री' होतं. इंग्रजी अक्षरांत का होईना, पण होतं. कडूबाच्या घरात चिठ्ठी असो, किराणाची यादी असो, वर श्री घातल्याशिवाय कागदाला पेन लागत नसे. तोच नेम त्याने प्रोग्रामला लावला होता. आणि त्या लायब्ररीची गंमत अशी, की चित्र बाहेर पडायच्या आधी प्रोग्रामच्या तोंडून एक अक्षर जरी निसटलं, तरी समोरचा पडदा म्हणतो, हे चित्रच नव्हे, आणि फुली मारून मोकळा होतो.

"काढून टाक की मग," मी म्हटलं.

"कसं काढू नंदाताई? सुरुवात श्रीशिवाय करू?"

दोन दिवस तो हातावर हात ठेवून बसला. मग त्याला तोड सापडली. प्रोग्राममध्ये काही खुणा असतात, त्यांच्या आत लिहिलेलं मशीन वाचत नाही, सोडून देतं. त्याने श्री त्या खुणांच्या आत नेऊन ठेवलं. "मशीनला दिसत न्हाई, देवाला दिसतंय," तो म्हणाला. फुली गेली, रेघ आली आणि त्याने खालच्या टपरीवरून सगळ्यांना चहा सांगितला.

पण रेघेखाली गावांच्या नावांच्या जागी चौकोन आले. एका ओळीत तीस गावांचे मिळून शे-दीडशे चौकोन. अण्णासाहेब चष्मा पुसून विचारायला लागले, यातलं राजूर कोणतं? कडूबाने मोजून सांगितलं, "तीन चौकोन हायेत ते." तीन चौकोनांची गावं चार निघाली. त्याचं कारण म्हणे लायब्ररीला मराठी अक्षरं कुठे ठेवली आहेत तो पत्ताच दिलेला नव्हता, आणि पत्ता नसला की ती मुकाट्याने डबे छापते. पत्ता सापडेपर्यंत दीड महिना प्रत्येक छापील कागदावर मी माझ्या पेनाने तीस नावं लिहिली. टाइपरायटरला हे दुखणं कधी झालं नव्हतं, एवढंच मी म्हटलं. रोज म्हटलं.

खरी फजिती राजूरला झाली. तिथे गणपतीला चतुर्थीला चिक्कार माणूस जमतं, म्हणून अण्णासाहेबांच्या हुकुमावरून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला एका पेढ्याच्या दुकानाशेजारी आम्ही आलेखाचा फलक लावला. दोन हजार तीनचा मे महिना, डोकं तापलेलं. लोक दर्शन करून यायचे, फलकापाशी थांबायचे आणि त्यांचे चेहरे खुलायचे. जानेवारीपासून मेपर्यंत सगळ्या रेघा झपाझप वर चढलेल्या. एका म्हाताऱ्याने फलकाला हात जोडले. "बाप्पाची किरपा. पाणी चढून राह्यलं." कुणी पेढे वाटले. मीही एक खाल्ला. एका गड्याने तर मुलाला तिथूनच फर्मावलं, जाय, टमाट्याचे रोपं सांगून ये.

कडूबा घामाने भिजला होता. आम्ही मोजायचो ते काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पाणी जितकं खाली, आकडा तितका मोठा. आकडा मोठा झाला की लायब्ररी रेघ वर नेणार, तिला काय ठाऊक की ही विहीर आहे? पाणी तळाला चाललं होतं आणि रेघ आभाळाला. त्याने फलक उतरवला, टमाट्यावाल्याच्या मागे सायकलने दोन मैल गेला आणि त्याला थांबवून आला.

आठ दिवसांत त्याने आलेख उलटा केला. वर शून्य, म्हणजे विहिरीचा काठ, आणि खाली खाली मीटर वाढत जाणार. आता पाणी उतरलं की रेघ उतरायची. पुढच्या चतुर्थीला तोच म्हातारा फलकापाशी येऊन भडकला. "मागल्या खेपेला एवढं चढलं व्हतं, अन महिन्यात सगळं पडलं? तू मोजतो का निस्ता हिंडतो?" कडूबाने कान धरून माफी मागितली. तेवढं त्याला छान जमायचं.

या सगळ्यामुळे त्याचं नाव मात्र झालं. जालन्यातल्या दोन-तीन कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या पोरांनाही चित्र येईना, चौकोन येतात, रेघ उलटी जाते, असे प्रॉब्लेम असायचे. ती याच्याकडे यायची. हा वैद्यासारखा नाडी बघायचा. "पैल्या ओळीत काय हाय? अक्षरांचा पत्ता दिला का? शून्य वर हाय का खाली?" आणि एखादी ओळ सुधारून त्यांना वाटेला लावायचा. त्याच्या पोटात थोडा अभिमान शिरला होता, तो मला दिसत होता. विहिरींवर जाणं त्याने बंद केलं होतं. टेप, सायकल सगळं दुसऱ्यांकडे गेलं. तो आता खुर्चीतला माणूस झाला होता.

आता माझ्यावर येते, कारण पुढचं पाप माझं आहे.

तीस गावांचे कागद एसटीने यायचे आणि त्यातले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत बोरवस्तीचा कागद आला. तीन विहिरी, तीन रकाने. रकान्यांत आकडा नाही, नुसता हळदीचा पिवळा डाग. मी म्हटलं, वस्तीवर संक्रांतीचं हळदीकुंकू झालं असेल, त्यातल्याच कुणाचा तरी हात बाईच्या कागदाला लागला. आकडा राहिला बिचारीचा. रकाने रिकामे सोडले. मार्चच्या कागदावर पुन्हा पिवळे डाग. मी म्हटलं, धुळवड. एप्रिलमध्ये पुन्हा. चैत्रातलं हळदीकुंकू, दुसरं काय! तीन महिने मी रिकामं सोडत गेले. त्यात आपण काही केलं असं मला वाटलंच नाही, कारण मी काही केलंच नव्हतं.

कडूबाने आलेख काढला तर उरलेली गावं माना टाकून खाली चाललेली आणि बोरवस्तीची रेघ फेब्रुवारीत उडी मारून थेट काठाला. विहिरी तुडुंब. त्याचा विश्वास बसेना. "नंदाताई, या दिवसांत एवढं पाणी? लायब्ररीचंच कायतरी दुखून राह्यलं." मग त्याने दुखणं शोधायला घेतलं. लायब्ररी पुसली, नवी आणली. दुसऱ्या गावाचे आकडे घालून बघितले, ते बरोबर यायचे. बोरवस्ती घातली की पुन्हा काठोकाठ. तीन दिवस तो जेवायलाही उठत नव्हता. परदेशी मंडळींना पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं: आधी तुमचे आकडे तपासा.

तो माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "ताई, राग नका मानू. आकडे बराबर घातले ना?"

मी मानला राग. "सतरा वर्षं टायपिंग करतेय. माझा एक चुकलेला आकडा दाखव, आत्ता राजीनामा देते. चूक तुझ्या त्या फुकट्या लायब्ररीची, आणि विचारतोस मला?"

त्याने माफी मागितली. आणि मी खोटं बोलले नव्हते. माझा एकही आकडा चुकला नव्हता, कारण तिथे आकडाच नव्हता. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात अण्णासाहेब मशीनपाशी येऊन उभे राहिले. काठाला टेकलेली रेघ बघून त्यांचे डोळे भरून आले. गेल्या साली संस्थेने बोरवस्तीच्या ओढ्यावर एक बंधारा घातला होता. "अरे, बंधारा लागला! बंधारा लागला रे कडूबा!" कडूबाने पुढे काही विचारलं नाही. त्याची स्वतःची वस्ती, त्याने आतून थोडंफार मानूनच घेतलं असावं. माणसाला आपल्या गावाचं बरं झालेलं खोटं वाटत नाही.

मे महिन्यात एका मंगल कार्यालयात सभा ठरली. त्या दिवशी आलेख बघून पाच टँकर पाच गावांना सुटणार होते, आणि आदर्श वस्ती म्हणून बोरवस्तीच्या चांगुणाबाईंना शाल-नारळ देणार होते. औरंगाबादहून भाड्याने प्रोजेक्टर आणला होता. बाहेर पाच टँकर भरून, हार घालून, गावांच्या चिठ्ठ्या चिकटवून उभे. आत तीस गावांचे सरपंच, मोजणी करणारी माणसं आणि भिंतीवर पाच हात रुंद आलेख. कोपऱ्यात कॉम्प्युटरशी कडूबा, अनवाणी.

चांगुणाबाई सकाळच्या एसटीने आली. खांद्याला पिशवी, पिशवीत मोजायचा टेप, कारण संस्थेची वस्तू शेळ्यांच्या भरवशावर घरात कशी ठेवायची! भाच्याकडे तिने एकदा बघितलं आणि पुढे जाऊन बसली. तिला वाटलं होतं, टँकर द्यायला बोलावलं. अण्णासाहेबांनी शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि माइक तिच्या तोंडाशी नेला.

"चांगुणाबाई, सगळा जिल्हा तहानलाय आणि तुमच्या वस्तीवर एवढं पाणी. याचं गुपित लोकांना सांगा."

"कसलं पानी?"

अण्णासाहेबांनी भिंतीकडे हात केला. "ती सगळ्यात वरची रेघ तुमची."

तिने डोळे बारीक करून बघितलं. "रेघ माझी आसंल. पानी माझं न्हाई."

सभेत खसखस पिकली. अण्णासाहेब गोंधळले. "म्हणजे विहिरींत पाणी नाही?"

तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"अहो, हो की नाही सांगा. कोरड्या पडल्यात का विहिरी?"

तिने झटकन अण्णासाहेबांच्या माइकवर पदर टाकला. "आसं बोलू न्हाई सायेब. विहीर आईकते."

"मग आम्हाला कळायचं कसं?"

"म्या लिव्हलंय की. तीन महिने लिव्हून राह्यले. हळदीचं बोट लावलंय परतेक रकान्यात."

बांगडी फुटली असं मी जन्मात म्हटलेलं नाही, वाढवली म्हणते. दिवा विझला म्हणत नाही, शांत झाला म्हणते. आणि विहिरीला ते वाईट बोलायचं नाही म्हणून एका बाईने तिची ओटी भरावी तशी हळद लावून कागद पाठवला, तो मला वाचता आला नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "अण्णासाहेब, चूक माझी आहे. ते डाग मी हळदीकुंकवाचे समजले. रकाने रिकामे सोडले."

कडूबाने डोक्यावर हात मारला. तिथल्या तिथे त्याला सगळं कळलं. रिकामी जागा दिसली की ती लायब्ररी शून्य समजते, आणि आमच्या आलेखात शून्य म्हणजे काठ. ज्या विहिरीत थेंब नव्हता तीच तुडुंब झाली होती. "सायेब," तो जागेवरूनच ओरडला, "यंत्राची चूक न्हाई, ताईंची बी न्हाई. रिकाम्याला काय समजायचं ते सांगायचं काम माझं व्हतं."

अण्णासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. पण आलेखाशिवाय टँकर द्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांना तरी सगळा दोष का द्यावा? परतूरच्या वाटेवरच्या एका गावाचे सरपंच काकासाहेब उठलेच होते. "आमी रातंदिस मोजून आकडा देऊन राह्यलो तवा टँकर भेटला. अन ह्यांच्या हळदीला बी टँकर? बराबर आकडा सांगा, मंग बोला."

"आकडाच पाहिजे का?" चांगुणाबाई वळली. "आठ परस."

"परस म्हणजे?"

"एक मानूस उभा ऱ्हाईल तेवढं एक परस. आठ मानसं एकावर एक, तवा तळ लागतो. तळच दिसून राह्यलाय, तेवढंच मोजा."

म्हणजे तिला तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता, पण तळापर्यंतचा आकडा द्यायला हरकत नव्हती. अण्णासाहेबांच्या अंगातला ओव्हरसियर जागा झाला. "कोणता माणूस? मीटरमध्ये किती?"

"माझा बाप. मधली विहीर त्यानंच खांदली, आपल्या उंचीनं मोजून."

"ते कुठे असतात?"

चांगुणाबाईने वर बोट केलं. सभा पुन्हा हसली, पण या वेळी जरा कमी. तिने सभेवर नजर फिरवली आणि कोपऱ्यात बोट रोखलं. "ह्याच्यायेवढा व्हता. बिलकुल. नाकबी तेच."

कडूबाला भिंतीशी उभं केलं. तिने पिशवीतून टेप काढला, विहिरीत सोडतात तोच. खालचं टोक अण्णासाहेबांनी स्वतः वाकून त्याच्या टाचेपाशी धरलं, वरचं ती टाचा उंचावून धरत होती. प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या अंगावर पडला होता आणि तीस गावांच्या रेघा त्याच्या शर्टावरून गेल्या होत्या. "हलू नको रे," ती म्हणाली. तो हलत नव्हता, पण त्याचे खांदे हलत होते.

"एक मीटर पासष्ट," अण्णासाहेब म्हणाले. मग सगळी सभा आठने गुणायला लागली. कुणी बारा म्हणालं, कुणी चौदा. मी कागदावर मांडलं आणि ओरडले, तेरा पूर्णांक वीस. तो आकडा मीच टाइप केला. तीन महिने, तीन विहिरी, नऊ रकाने. बाकीच्या दोन विहिरी उथळ आहेत, असं चांगुणाबाई मागून सांगत होती, पण त्यांचा हिशोब नंतर बघू, असं अण्णासाहेबच म्हणाले.

भिंतीवर काहीच बदललं नाही. बोरवस्ती काठालाच. काकासाहेब म्हणाले, "बघा!"

"थांबा, थांबा," कडूबा धावत आला. "हे मशीन कंदी कंदी आळस करतं. जुनं चित्र खिशात ठेवतं अन तेच दाखवून राह्यतं." त्याने दोन बटणं एकदम दाबली.

रेघ पडली. सगळ्यात खाली होतं ते गावही दहा मीटरवर थांबलेलं, त्याच्याही पार खाली ती गेली. तिला जागा करून द्यायला लायब्ररीने आलेखाचा तळच आणखी खाली नेला, त्यामुळे एकोणतीस गावांच्या रेघा वर सरकून एकमेकींना चिकटल्या आणि त्यांच्या खूप खाली बोरवस्ती एकटी राहिली. चांगुणाबाई बघत होती. मग तिने शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

काकासाहेब पुन्हा उठले. मला वाटलं, आता हा काय फाटे फोडतो! ते खाकरले आणि म्हणाले, "अण्णासाहेब, आमच्या टँकरवरली चिठ्ठी काढा. आमी आठ दिवस काढतो कसंबी. ह्या बाईला जल्दी लावून द्या."

त्या माणसाबद्दल मी मनात जे जे बोलले होते ते सगळं परत घेतलं.

बाहेर येऊन चांगुणाबाई टँकरच्या केबिनमध्ये चढली. जीपने जा म्हटलं तर ऐकेना. पाण्याबरोबरच जाणार म्हणाली. कडूबा खाली दाराची कडी धरून उभा. त्याच्याने राहवेना.

"आत्या, एक निरोप तरी धाडायचा व्हता. तो शबुद बोलायचा न्हवता तं निस्तं 'ये' म्हनायचं. म्या आलो नसतो का?"

तिला खरंच आश्चर्य वाटलं. "निरोप कशापायी? दिवाळीला आल्तास तवा तूच म्हनला न्हाई का, आत्या, आता मला जालन्यात बसल्या जागी तुझी विहीर दिसते? मला वाटलं, पोरगं रोज बघून राह्यलंय." मग जरा थांबून, त्याची समजूत काढावी तसं म्हणाली, "बघूनबी येईना, म्हंजी लई काम आसंल त्याला. वस्तीवरबी मी हेच सांगत व्हते सगळ्याला."

कडूबा केबिनमध्ये तिच्या शेजारी चढून बसला आणि टँकर निघाला. पुढचे सहा दिवस तो ऑफिसला आला नाही. अण्णासाहेबांनी विचारलं नाही, आणि केबिनपाशी ऐकलेलं मीही त्यांना सांगितलं नाही.